सहलीचा शेवटचा दिवस: पाहण्याचा की परतण्याचा?

अबोली_मुलुंड

गेल्या महिन्यात मी, माझे यजमान, सासूबाई आणि इतर अकरा जण अशा चौदा जणांच्या लहान बसने आम्ही वेरूळ-अजिंठ्याची चार दिवसांची सहल करून आलो. सहल एकंदरीत चांगली झाली, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणाला तसे वाटणार नाही.

गुरुवारी पहाटे मुंबईहून निघून संध्याकाळी बीबी का मकबरा, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी देवगिरीचा किल्ला, खुलताबाद आणि पैठण, आणि रविवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, "सकाळी वेरूळ दर्शन व नंतर मुंबईकडे प्रस्थान" असा कार्यक्रम छापलेला होता. त्यातले "व नंतर" हे दोन शब्द किती महाग पडणार आहेत, याची कल्पना पैसे भरताना आली नाही.

रविवारी सात वाजता निघायचे ठरले होते. निघालो सव्वाआठला, कारण त्या दिवशी खोल्या सोडायच्या होत्या आणि येताना बसच्या मागच्या कप्प्यात नीट मावलेले सामान पैठणच्या साड्यांच्या पिशव्यांमुळे आता मावेना. चालकाने सगळे बाहेर काढून तीन वेळा नव्याने रचले. तेवढ्यात एका गृहस्थांना आपला चार्जर खोलीतच राहिल्याचे आठवले. पुढे घृष्णेश्वराला रविवारची रांग लागली, आणि लेण्यांच्या दाराशी पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. एक वाजता सर्वांनी बसमध्ये हजर असावे, असे व्यवस्थापकांनी सांगितले. कैलास लेण्याला पन्नास मिनिटे मिळाली, दहावे लेणे धावतपळत झाले आणि जैन लेणी राहूनच गेली. सासूबाई एका ओट्यावर टेकून वर शिखराकडे पाहत होत्या, तेव्हाच शिट्टी वाजली. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त चपला घालताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिले.

जेवून निघायला सव्वादोन झाले. पथकर वाचवण्यासाठी समृद्धी महामार्ग सोडून जुन्या रस्त्याने आलो, कसाऱ्याच्या अलीकडे रात्रीचे जेवण झाले, भिवंडीत अडकलो आणि मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत पावणेअकरा वाजले. सोमवारी सकाळी नेहमीची आठ सत्तावीसची लोकल होतीच.

माझा प्रश्न सरळ आहे. लहान गटाच्या सहलीत शेवटच्या दिवशी एवढे मोठे ठिकाण ठेवावे का, की तो दिवस केवळ परतण्यासाठी मोकळा सोडावा? आपले अनुभव काय सांगतात?

चहाबाज

शेवटच्या दिवशी एकच प्रेक्षणीय स्थळ असावे, आणि ते म्हणजे नाश्त्याचे ठिकाण.

सहलसोबती

अबोलीताई, मी अकरा वर्षे सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून फिरलो आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो. शिट्टीबद्दल मात्र आधी क्षमा मागतो, कारण ती मीही पुष्कळ वाजवली आहे.

मोठे ठिकाण शेवटच्या दिवशी ठेवण्यामागे दोन कारणे असतात. पहिले पैशाचे. चौथा दिवस केवळ प्रवासाचा आहे असे छापले, तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते की मग चौथ्या दिवसाचे पैसे कशाचे. एक मुक्काम वाढवायचा, तर चौदा जणांच्या सात खोल्या, व्यवस्थापक व चालक यांची सोय आणि गाडीचा एक दिवसाचा खर्च हे सगळे चौदांत वाटावे लागते. पंचेचाळीस आसनांच्या बसमध्ये गाडीचा वाढीव खर्च अंगाला लागत नाही, पण लहान गटात तो प्रत्येकाच्या खिशाला जाणवतो. लहान गटाचे सुख हवे असेल, तर त्याची ही बाजूही पत्करावी लागते.

दुसरे कारण उघडपणे कोणी सांगत नाही. ज्यासाठी लोक आलेले असतात ते ठिकाण शेवटी ठेवले, की मधल्या दिवसांतली कुरकुर कमी राहते. गरम पाणी आले नाही, भाजीत मीठ जास्त झाले, अशा वेळी "उद्या वेरूळ आहे ना" या एका वाक्यावर मी अनेक संध्याकाळी निभावून नेल्या आहेत.

वारांचाही हिशेब असतो. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार ते मंगळवार अशी सहल काढली आणि वेरूळ शेवटी ठेवले, तर बंद दारापाशी उभे राहण्याची वेळ येते. गुरुवार ते रविवार हा क्रम त्यामुळेच सोयीचा पडतो.

लेणीवेडा

सहलसोबती यांनी पैशाचा आणि वारांचा हिशेब सांगितला. त्यात उन्हाचा हिशेब राहिला, आणि वेरूळच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

वेरूळची लेणी ज्या डोंगरकड्यात कोरली आहेत, तो कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. कैलास लेणेही पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीशी असतो आणि दर्शनी भाग सावलीत राहतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला गेला. मंदिराभोवतीच्या चौकाची मागची भिंत सुमारे शंभर फूट उंच आहे. अशा खोल चौकात सकाळी अकरा वाजता उभे राहिल्यावर उजेडाचा पट्टा वरच्या वर दिसतो आणि खालचे शिल्प करडे, सपाट वाटते. तेच दुपारी तीननंतर पाहावे. ऊन तिरपे होऊन आत शिरते आणि हत्तींच्या रांगेतल्या एकेका सोंडेची सावली वेगळी पडू लागते. दक्षिणेच्या अंगाला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प आहे. त्याच्या वीस हातांची दाटी डोळ्यांना उलगडायला उजेडही लागतो आणि वेळही लागतो.

दहाव्या लेण्याचेही असेच आहे. दर्शनी भागावरच्या गवाक्षातून दुपारनंतर उजेड आत उतरतो आणि स्तूपासमोरच्या बुद्धमूर्तीकडे लक्ष आपोआप जाते. छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत. "सुतार की झोपडी" हे नाव का पडले, ते त्या पाहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

म्हणजे "सकाळी वेरूळ व नंतर प्रस्थान" हा कार्यक्रम परतीच्या घड्याळावर बेतलेला आहे, लेण्यांच्या घड्याळावर नाही. देवगिरीची चढण मात्र सकाळच्या गारव्यात व्हायला हवी. माझ्या मते शनिवारी सकाळी देवगिरी आणि दुपारी वेरूळ असे ठेवायला हवे होते; दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. पैठण नेमके उलट्या दिशेला, संभाजीनगर शहराच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. ते वगळले असते, तर काही बिघडले नसते.

मोगरा

पैठण वगळले असते तर काही बिघडले नसते, हे वाक्य कोणत्याही पुरुषाने आपल्या जबाबदारीवर लिहावे.

लेणीवेडा

जबाबदारी घेतो. घरी मात्र हे वाचून दाखवणार नाही.

खिडकीची_जागा

माझा अनुभव उलटा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही गणपतीपुळ्याहून अशाच लहान बसने परतलो आणि शेवटच्या दिवशी वाटेत काहीही पाहायचे ठेवलेले नव्हते. सकाळी आठला निघालो. महामार्गाच्या कामाची वळणे, खड्डे आणि धूळ यांत दिवस गेला. रात्री दहाला सायनला उतरलो, तेव्हा सहलीतले पहिले तीन दिवस कोणाला आठवतही नव्हते. रिकामा ठेवलेला दिवस विश्रांतीचा होतो, हा समज बसमध्ये बसणाऱ्यांना नसतो. तो कार्यक्रम छापणाऱ्यांना असतो.

माझे म्हणणे असे आहे, की शेवटच्या दिवशी एक लहान ठिकाण असावे, ते परतीच्या वाटेवरच असावे, आणि ते पाहायला पाऊण तास पुरावा. संभाजीनगरहून मुंबईला येताना सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर अगदी असे आहे. यादवकाळातले हे शिवपंचायतन आहे; मधोमध महादेवाचे मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळे. काळ्या दगडाचे शिखर, प्रशस्त आवार, आणि बसून राहिले तर कोणी उठवायला येत नाही. पाय मोकळे होतात, डोळ्यांना काही चांगले मिळते आणि तासाभरात बस पुन्हा रस्त्याला लागते. वेरूळसारख्या चौतीस लेण्यांच्या ठिकाणाला "जाता जाता" म्हणणे मात्र मलाही पटत नाही.

दहिसरकर

ठिकाण कोणते असावे यावर सर्वांनी लिहिले. उतरण्याच्या क्रमावर कोणीच लिहिले नाही. यावरून हा धागा पूर्व उपनगरांतल्या मंडळींनी भरलेला आहे, हे स्पष्ट होते.

जाताना बस पश्चिम उपनगरांतून सुरू होते. दहिसर, बोरिवली, अंधेरी, दादर, शीव, मुलुंड आणि मग ठाणे अशी माणसे गोळा करत ती नाशिकच्या रस्त्याला लागते. म्हणजे आम्ही पहाटे साडेचारला बसमध्ये आणि मुलुंडकर साडेसहाला, दात घासून, चहा घेऊन. परतताना क्रम उलटा लागतो. ठाणेकर उतरतात, मुलुंडकर उतरतात, निरोपाचे हात हलतात, आणि आम्ही शीव, दादर, अंधेरी असे सगळ्या मुंबईचे रात्रीचे दर्शन घेत, जाताना पहिले चढलेले, येताना शेवटचे उतरतो. मागच्या सहलीत मी रात्री सव्वाएकला घरी पोहोचलो. अबोलीताईंची सहल पावणेअकराला संपली. त्यांच्या बसमधले दहिसरचे कोणी असतील, तर त्यांचा शेवटचा दिवस त्यानंतर सुरू झाला असेल.

मोगरा

दहिसरकर, तुम्ही माजिवड्याला उतरून घोडबंदर रस्त्याने रिक्षा किंवा टॅक्सी का करत नाही? दादरला वळसा घालून दहिसरला जाणे म्हणजे डोक्यामागून हात नेऊन घास घेण्यासारखे आहे.

दहिसरकर

तीन बॅगा, दोन मुले, पैठणच्या तीन पिशव्या आणि "घरापर्यंत सोडण्याचे पैसे भरले आहेत" असे म्हणणारी पत्नी. माजिवड्याच्या पुलाखाली रात्री साडेदहाला हे सगळे घेऊन उभे राहण्याचे धाडस माझ्याने झाले नाही.

सहलसोबती

दहिसरकरांची तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. काही संयोजक ठाण्यापर्यंत एकच बस आणतात आणि तिथे पश्चिम उपनगरांसाठी वेगळी लहान गाडी उभी ठेवतात. गटातले चार-पाच जण तिकडचे असतील, तर हा खर्च फारसा येत नाही आणि मुख्य बसचाही दोन तासांचा फेरा वाचतो. पैसे भरण्यापूर्वी हे विचारावे. बहुतेक जण जेवणात गोड पदार्थ कोणता आहे, ते विचारतात.

निवृत्त_सारथी

मी सहा आसनांपासून सव्वीस आसनांपर्यंत सर्व गाड्या चालवल्या आहेत. आता डोळ्यांमुळे बंद केले. शेवटच्या दिवसाबद्दल दोन शब्द माझेही वाचावेत.

तुम्ही मंडळी लेणी पाहायला उतरता, ते दोन तास चालकाच्या झोपेचे असतात. त्या झोपेवरच पुढचा रस्ता काढायचा असतो. पण ती झोप लागत नाही. दहा मिनिटे होतात आणि काचेवर टकटक होते. कोणाची टोपी राहिलेली असते, कोणाची पाण्याची बाटली, कोणाला खरेदीची पिशवी आताच ठेवायची असते, कोणाच्या गुडघ्याचा पट्टा आसनाखाली गेलेला असतो. दार उघडायचे, दिवा लावायचा, शोधायचे, दार लावायचे. सामान रचायलाही आम्हीच असतो, तेव्हा शेवटच्या दिवशी आमचा दिवस तुमच्याआधी दोन तास सुरू होतो आणि तुम्हा सर्वांना सोडून, गाडी झाडून, जागेवर लावल्यावर संपतो.

वेरूळला मी किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. कैलास मात्र आतून एकदाच पाहिला. गाडीचा फॅनबेल्ट तुटला होता आणि दुसरा यायला चार तास लागणार होते, म्हणून.

चहाबाज

निवृत्त_सारथी यांच्या या पोस्टनंतर मी "टोपी राहिली" हे शब्द आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

वकील_आजोबा

सारथींनी जे अनुभवातून सांगितले, त्याला कायद्याचा आधारही आहे, आणि प्रवाशांना तो सहसा माहीत नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगाराचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे धरलेले होते. लांब पल्ल्यासाठी मंजुरीने काही सवलत मिळत असे. सलग पाच तासांहून अधिक काम झाले, की किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत असे. विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा साधारणपणे बारा तासांपलीकडे जाऊ नये, असाही नियम होता.

आता अबोलीताईंच्या रविवारचा हिशेब मांडू. सकाळी सहाला सामान रचायला सुरुवात झाली असे धरले, तर मुलुंडपर्यंतच पावणेसतरा तास होतात. त्यापुढे दहिसरकरांच्या वर्णनाप्रमाणे अंधेरी-बोरिवलीचा फेरा झाला असेल, तर अठरा तासांच्या वर. लेण्यांपाशी गाडी उभी होती तो वेळ विश्रांतीचा होता, असा युक्तिवाद कोणी करील. काचेवरच्या टकटकीचे वर्णन वाचल्यावर मला तो फारसा टिकणारा वाटत नाही.

सहलसोबती

वकील_आजोबा, एक शंका विचारतो. हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होतो, असे आम्हाला सांगितले जात असे. लहान बसचा मालक बहुधा एक-दोन गाड्यांचा असतो, आणि कित्येकदा मालक स्वतःच चालक असतो.

वकील_आजोबा

शंका योग्य आहे आणि तीच पळवाट म्हणून वापरली जात असे. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ मध्ये, परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे असतील, असे वेगळे म्हटलेले आहे. मालक स्वतःच चालवत असेल, तर कागदावर वाद घालता येईल. कसाऱ्याच्या घाटात रात्री नऊ वाजता त्या वादाचा कोणाला उपयोग नाही.

गिरगावचा_भाचा

थोडे विषयाच्या कडेने जातो, पण प्रश्न तोच आहे. आमच्याकडे नागपूर आणि सोलापूरकडचे नातेवाईक येतात, तेव्हा त्यांच्या सहलीचा शेवटचा दिवस मुंबईत असतो आणि बाकीची बस आपापल्या गावी जायची असते. अशा एका गटाला मी स्वतः बोट दाखवून घारापुरीला पाठवले होते. वार होता सोमवार. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे गेटवेवर जन्मभर शेंगदाणे खाल्लेल्या मला माहीत नव्हते. मामांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही.

वार नीट निवडला, तरी शेवटच्या दिवशी घारापुरी ठेवू नये, असे माझे आताचे मत आहे. गेटवेपासून लाँचने जायला सुमारे एक तास, यायला तेवढाच, धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंतचा रस्ता, मग दोन्ही बाजूंच्या दुकानांतून वर चढणे. आणि आपली रात्रीची गाडी व आपण यांच्यामध्ये खाडीचे पाणी. लाँच केव्हा भरेल आणि केव्हा सुटेल, ते आपल्या हातात नसते. मुंबईतल्या शेवटच्या दिवसासाठी फोर्टच पुरे. गेटवेपासून वस्तुसंग्रहालय, तिथून राजाबाई टॉवर आणि ओव्हल मैदानाची कडा पायी करता येते, आणि शेवटी रात्रीची गाडी सीएसएमटीहूनच असेल, तर ज्या वास्तूला १८८८ पासून लोक मान वर करून पाहत आहेत, तिच्यातच सामान घेऊन थांबायचे असते. वेगळे तिकीट नाही, वेगळी शिट्टी नाही.

खिडकीची_जागा

भाचेबुवा, ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक इमारती आणि समोरच्या बाजूला आर्ट डेको, हे दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. सीएसएमटी २००४ मध्येच गेले होते आणि घारापुरी १९८७ मध्ये. मामांना सांगा, की घारापुरी हुकली तरी दोन वारसास्थळे पायी झाली.

गिरगावचा_भाचा

मामा म्हणतील, की तिसरे कुठे आहे.

मोगरा

शेवटच्या दिवसाचे आणखी एक काम राहून जाते, ते म्हणजे चालकाचे पाकीट. आमच्या गटात ते उतरण्याच्या वेळी गोळा करायचे ठरले होते. ठाण्याला तिघे उतरले, त्यांच्या हातात सामान आणि डोळ्यांत झोप, ते विसरले. मुलुंडला दोघांकडे सुटे नव्हते. दादरला पाकीट निम्मे झाले होते आणि ज्यांनी जास्त घातले त्यांचे चेहरे वाचण्यासारखे होते. तेव्हापासून मी दुपारच्या जेवणाच्या टेबलावरच पाकीट फिरवते, सर्वांसमोर चालकाच्या हातात देते आणि मग ताकाचा पेला उचलते. चौदा जणांच्या गटात हे सहज होते. मोठ्या बसमध्ये कोणीतरी माईकवरून बोलावे लागते आणि त्याचे भाषण होते.

तसेच आसनांचे. आमच्याकडे रोज दोन रांगा पुढे सरकण्याची पद्धत होती. मागच्या आसनावर धक्के खात तीन दिवस काढलेल्या जोडप्याला शेवटच्या दिवशी पुढची जागा मिळाली आणि ते घोटीपासून ठाण्यापर्यंत झोपले.

अबोली_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. काही उत्तरे द्यायची आहेत.

दहिसरकर, आमच्या बसमध्ये बोरिवलीचे एक जोडपे होते. तुमची पोस्ट वाचून मी त्यांना संदेश पाठवला, तेव्हा कळले की ते साडेबाराला पोहोचले. चार दिवस एकत्र जेवलो, पण ते कधी पोहोचले हे विचारायचे मला सुचले नव्हते.

लेणीवेडा, उन्हाचे तुमचे म्हणणे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मला ते काळे काळे दिसत होते, मला वाटले मोतीबिंदू वाढला." पैठणबद्दलचे तुमचे मत मी त्यांना वाचून दाखवलेले नाही.

सारथीकाका, टोपी मागायला परत गेलेली व्यक्ती मीच होते.

अबोली_मुलुंड

हा धागा तीन महिन्यांनी पुन्हा वर काढते आहे, कारण आम्ही पुन्हा जाऊन आलो. त्याच गटातले सात जण, एक लहान गाडी, दोन मुक्काम, आणि पाहायचे फक्त देवगिरी आणि वेरूळ.

शुक्रवारी पोहोचलो, शनिवारी सकाळी देवगिरी केली आणि दीड वाजता वेरूळला होतो. आधी जैन लेणी, मग दहावे, आणि कैलासात शिरलो तेव्हा साडेतीन झाले होते. लेणीवेडा यांनी लिहिल्याप्रमाणे दक्षिणेकडच्या अंगाला जाऊन रावणाच्या शिल्पासमोर उभे राहिलो. वीस हात मोजायचा प्रयत्न केला; माझे सतरा भरले, यजमानांचे एकोणीस, आणि सासूबाईंनी मोजलेच नाहीत. त्या खालच्या हत्तींजवळ सावलीत बसल्या आणि ऊन जसे सरकत गेले, तशा दोनदा जागा बदलून बसल्या. सव्वापाचला आम्हीच त्यांना उठवले.

चालकांना आत येण्याविषयी विचारले होते, पण त्यांनी हात जोडून झोपतो म्हणून सांगितले. म्हणून उतरण्यापूर्वी टोप्या, बाटल्या, गुडघ्याचा पट्टा, चश्मे हे सगळे मोजून बरोबर घेतले. पावणेचार तासांत एकदाही कोणी काचेवर टकटक केली नाही. खर्च माणशी सुमारे दीडपट आला, हे सहलसोबतींसाठी प्रामाणिकपणे नोंदवते.

रविवारी साडेआठला निघालो, सिन्नरला गोंदेश्वराच्या आवारात डबे उघडून शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या खाल्ल्या, तिथेच चालकांना पाकीट दिले आणि साडेपाचला मुलुंडला घरी होतो. समृद्धीचा पथकर भरला. संध्याकाळी कपडे धुण्याचे यंत्र दोनदा लावून झाले.

पुढच्या फेब्रुवारीत अजिंठ्याचा विचार आहे, तोही असाच. सात जागा आहेत, पाच भरल्या आहेत.

दहिसरकर

एक जागा माझी धरावी. जाताना मी स्वतःहून मुलुंडला येईन, दात घासून, चहा घेऊन. येताना गाडी घोडबंदर रस्त्याने आणावी, मुलुंडकरांना नंतर सोडावे.

अबोली_मुलुंड

जागा धरली. दुसऱ्या अटीवर गटात मतदान घ्यावे लागेल, आणि गटात सध्या पाचही जण मुलुंडचे आहेत.